धामापूरचा तलाव आणि व्हाळातल्या गोण्या

कुडाळला उतरून मालवणची एसटी धरणार असाल, तर चढण्याआधी कंडक्टरला 'धामापूरवरून ना?' एवढं विचारा. मी विचारलं नाही. कसालकडून फिरून आलो, अर्धी सकाळ गेली.

धामापूरचा तलाव १५३० सालचा. नागेश देसाईंनी दोन डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध घातला. २०२० मध्ये या तलावाला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. पायऱ्या निसरड्या असतात, फोटोच्या नादात पाण्यापर्यंत उतरू नका.

मी खरा निघालो होतो तो पुढच्या एका वाडीतल्या श्रमदानाला. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, तरी वैशाखात बावी, म्हणजे विहिरी, तळाला जातात, कारण इथला जांभा दगड पाणी पितो पण धरून ठेवत नाही. म्हणून दिवाळीनंतर व्हाळाची, म्हणजे ओढ्याची, धार बारीक झाली, की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालतात. गोण्या विटांसारख्या सांधे चुकवून रचायच्या, फटींत चिखल कोंबायचा. गोणी गच्च भरू नका, ती बसत नाही. हे मला तिसऱ्या गोणीला कळलं. जाताना रिकाम्या गोण्या आणि सुई-सुतळी न्या. फावडी तिथे असतात, गोण्याच कमी पडतात.

खिशातला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, मी जरा मिरवतच काढला. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंतचा आकडा चांगला धरतात. खाडीकडच्या बावीत तो वर गेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मशीनीच्या आधी माझ्या जिभेक कळता." त्यांनी गावच्या पाणी तपासणीचं प्रशिक्षण घेतलेलं. फळीवरून एच-टू-एसची, म्हणजे पाण्यातले जंतू तपासायची, बाटली काढून दाखवली: पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं तर जंतूंची शंका. माझ्या मीटरला यातलं काहीच कळत नाही. पाणी गोड लागलं तरी उकळूनच प्या.

टाकीवर पातळी मोजणारा सेन्सर आहे, पण बंद. चालतात त्या बावीच्या आतल्या बाजूला रंगवलेल्या खुणा. शाळेतली पोरं दर सोमवारी खूण वाचून फळ्यावर लिहितात, आणि पाणी तिसऱ्या खुणेखाली गेलं की मोटर एक दिवसाआड. ठरलं कुठे, तर देवळासमोर, भांडूनच.

परतीची शेवटची गाडी कधी, ते सकाळीच विचारून ठेवा. माझी चुकली. काकूंकडे पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी मिळाली, तेव्हा तक्रार नाही.