आपल्यातले

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

वर्गातून आत्ताच आले. कुकरमधला गार वरणभात ओट्याशी उभ्या उभ्या खाल्ला. लेक झोपलीय, हा मीटिंगमध्ये.

हा विषय मी काही हौसेने घेतलेला नाही. मला इथल्या कम्युनिटी कॉलेजातून अकाउंटिंगची असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) हवीय, कारण पुण्याच्या बी.कॉम.ला इथे कुत्रं विचारत नाही. आणि कॅलिफोर्नियात त्या डिग्रीसाठी एथनिक स्टडीजचा, म्हणजे वंश आणि वर्णभेदाच्या इतिहासाचा, एक विषय घ्यावाच लागतो. तीन युनिट, युनिटला ४६ डॉलर. म्हटलं, १३८ डॉलरमध्ये गोऱ्यांनी काळ्यांवर काय काय अन्याय केले ते ऐकू, दोन पेपर लिहू आणि सुटू. आपला त्यात काय संबंध?

मागच्या आठवड्यात तर मी भाव खाऊन आले होते. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील भेटले ते ओकलंडच्या अशाच एका कम्युनिटी कॉलेजात, काळ्यांचा इतिहास शिकवा म्हणून तिथे भांडले आणि १९६६ मध्ये त्यांनी काळ्यांच्या हक्कांसाठी ब्लॅक पँथर पक्ष काढला, असं मॅडम सांगत होत्या. (इथे प्रोफेसरांना नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून अजून मॅडमच निघतं.) मी हात वर केला. म्हटलं, सहा वर्षांनी आमच्या मुंबईत दलित पँथर निघाली. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार, सगळी नावं सांगितली. आणि वर हेही, की जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. वर्ग खूश. मॅडमनी फळ्यावर फुल्यांचं नाव लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. गाडीत गाणं गुणगुणत घरी आले त्या रात्री.

आज भगतसिंग थिंद.

अमृतसरकडचा शीख माणूस. पहिल्या महायुद्धात पगडीसकट अमेरिकेच्या सैन्यात होता. नागरिकत्व मागितलं. तेव्हाच्या कायद्याने ते मिळायचं फक्त ‘गोऱ्या’ माणसांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना. खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १९२३ साली निकाल विरुद्ध लागला: शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले! पुढे ज्यांना नागरिकत्व मिळालं होतं अशा हिंदी लोकांचंही ते काढून घेतलं. त्यातले वैष्णोदास बगाई. त्यांनी १९२८ मध्ये जीव दिला. हे कुटुंब बर्कलीत घर घेऊन राहायला गेलं, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवलेलं. त्याच बर्कलीत आता त्यांच्या बायकोच्या, कला बगाईंच्या नावाचा रस्ता आहे. मी त्या भागातून दोनदा तरी गेले असेन, पाटी पाहिल्याचं आठवत नाही.

इथवर मी हक्काने रागावलेली होते. मग मॅडमनी थिंदच्या बाजूचा युक्तिवाद वाटला, एक पानभर. आम्ही गोरेच, कारण आम्ही आर्य, उच्चवर्णीय. पुढे असं, की उच्च जातीचा हिंदू (तेव्हा इथे शीखालाही हिंदूच म्हणत) तिथल्या मूळ रहिवाशांकडे लग्नाच्या बाबतीत तसंच बघतो, जसं अमेरिकन माणूस निग्रोकडे.

पुढच्या बाकावरच्या फिलिपिनो आजींनी हे खणखणीत आवाजात वाचलं. ‘लग्नाच्या बाबतीत’ला चष्म्यावरून वर बघितलं आणि परत वाचलं.

सगळ्या माना माझ्याकडे. अर्थातच, फुल्यांवर बोललेली बाई! माझ्या शेजारी एक मुलगा बसतो, वर्ग सुटला की थेट गोदामात रात्रपाळीला जाणारा. त्याने अगदी सहज विचारलं, “म्हणजे तू कुठल्या बाजूची?”

मी म्हटलं, “आता तसं काही राहिलेलं नाही.”

तो “ओके” म्हणाला. संपलं.

गुरुवार

पेपरचा विषय आला. वर्ग, वंश, जात, भाषा यात तुम्ही कुठे उभे आहात ते दोन पानांत लिहा, आणि तुमच्या घरात वापरला जाणारा एक शब्द घेऊन लिहा. मी आधी ‘माहेर’ घेतला. गोड शब्द, इंग्रजीत नाही, वाचणाऱ्याचे डोळे पाणावतील. अर्धं पान लिहून पुसलं.

जेवताना याला थिंदची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “बिचाऱ्याने वकिलाचं ऐकलं असणार, जिंकायला काहीही म्हणतात.” बरोबरच आहे. कायद्याने दारच तेवढं ठेवलं होतं. पण वकिलाने हा मुद्दा काही हवेतून आणला नसणार.

आणि फुले आठवून तर कानकोंडं झालं. त्यांनी ते पुस्तक ज्यांच्या विरोधात लिहिलं, त्यांच्या घरातली मी. माझ्या पणजोबांनी ते घरात येऊ दिलं नसतं. आणि मी वर्गात ते आपल्या घरचं लोणचं असल्यासारखं वाढून आले.

रविवार

आईचा फोन. भाच्याचं ठरतंय. मुलगी आयटीत, बाणेरला फ्लॅट, आणि “आपल्यातलीच आहे हो.” दुसऱ्या वाक्यातच. मीही “अरे वा” म्हटलं. म्हटल्यावर मला ऐकू आलं.

आपल्यातले. इथल्या मराठी मंडळात नवीन जोडपं आलं की पॉटलकच्या (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाच्या) रांगेत, आमटी वाढता वाढता, आडनाव विचारायचं, आडनावावरून कळलं नाही तर गाव, गावावरून नाही तर “कुलदैवत कुठलं तुमचं?” मी स्वतः विचारलेलं आहे. आवाज किती प्रेमळ असतो तेव्हा माझा.

हा शब्द घेतला. इंग्रजीत काय म्हणू? ‘अवर पीपल’ लिहिलं तर वर्गातले सगळे माना डोलावतील, प्रत्येकाकडे आपापले आहेतच. आमच्या शब्दातली पोटजातीपर्यंत उतरणारी गाळणी त्यात येत नाही. शेवटी देवनागरीतच ठेवला आणि पॉटलकची रांग जशीच्या तशी लिहिली, आमटीसकट. गोदामवाल्या मुलाला दिलेलं उत्तरही. तेवढं लिहायला दोन तास गेले.

मध्येच आईचा परत फोन, मुलीचा फोटो पाठवलाय तो बघ म्हणून. बोलता बोलता म्हणाली, “तुझ्या त्या कॉलेजात आपल्यातलं आहे का गं कोणी?” तिला मराठी म्हणायचं होतं, की भारतीय, की तेच, मला कळलं नाही.

“म्हणजे कोण, आई?”

“म्हणजे… आपल्यातलं गं,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “का, काय झालं?”

पेपर आज रात्री अकरा एकोणसाठपर्यंत चढवायचाय. अजून पाऊण पान रिकामं आहे.