कुसळ घेऊन साऊथ जॉर्जियाला

आधीच सांगतो, हे तिकीट काढून फिरायला गेलेल्या माणसाचं प्रवासवर्णन नाही, त्यामुळं फोन करून खर्च किती आला असं विचारू नका. मी खानापूर तालुक्यातला. आधी गोव्यात हॉटेलात होतो, तिथनं जहाजावर लागलो. काम हाऊसकीपिंग, म्हणजे केबिन झाडायच्या, चादरी बदलायच्या, लोक पेंग्विन बघून आले की त्यांनी मांडलेला पसारा आवरायचा.

गेल्या नोव्हेंबरात आमचं जहाज अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघालं, फॉकलंडला थांबलं आणि तिथनं पुढं साऊथ जॉर्जिया हे दक्षिण अटलांटिकमधलं बेट, म्हणजे आणखी साधारण १४०० किलोमीटर नुसतं पाणी. लाटांचं काय सांगू, चोर्ला घाटात एसटीत उलटी करणारा माणूस मी, पहिले दोन दिवस बादली घेऊनच काम केलं. मग एका सकाळी हवा एकदम गार पडली, धुकं आलं आणि जहाजामागं अल्बट्रॉस दिसायला लागले. वाँडरिंग अल्बट्रॉसचे पंख पसरले की साडेतीन मीटरपर्यंत भरतात, आमच्या केबिनची रुंदीसुद्धा तेवढी नाही. अर्धा तास एकाला बघत बसलो, त्यानं एकदासुद्धा पंख हलवला नाही, नुसता वाऱ्यावर तिरका होतोय आणि परत वर.

बेटावर पोचायच्या आदल्या दिवशी खरं काम लागतं, बाहेरचं बी-बियाणं बेटावर जाऊ नये म्हणून. लाउंजमध्ये व्हॅक्यूम क्लीनर रांगेनं मांडायचे आणि प्रत्येकाचं जॅकेट, बॅग, ट्रायपॉड, बूट साफ करायचे. वेल्क्रो सगळ्यात बेकार, त्यात कुठल्या कुठल्या देशाचं गवत अडकलेलं असतं, ते चिमट्यानं आणि टाचणीनं एकेक काढायचं. शंभराच्या वर पाहुण्यांचं सामान काढता काढता मान मोडली, आणि शेवटी आम्हा क्रूच्या बॅगा तपासायला घेतल्या तर माझ्याच बॅगेच्या तळाच्या शिवणीत निघालं एक कुसळ! आपल्या माळावरचं. ती बॅग घेऊन मी गावात शेताकडं जायचो.

तपासणाऱ्या मॅडमनी ते चिमट्यात धरून टॉर्चखाली बघितलं, कुठलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, खानापूर. हसल्या नाहीत. झिपच्या पिशवीत घातलं आणि बॅग सगळी उसवल्यागत साफ करून संध्याकाळी परत आण, नाहीतर उतरायचं विसर म्हणाल्या. मला राग आला, एका कुसळासाठी एवढं? पण लहानपणी आम्ही कुसळ थुंकी लावून तळहातावर ठेवायचो, ओल लागली की ते आपोआप गरागरा फिरतं, तसंच फिरत फिरत मातीत घुसतं, ते आठवलं आणि गप बसलो. तिथल्या थंडीत ते उगवलं नसतं बहुतेक. पण उंदरांचं काय झालं ते बघा की. १७७५ ला कॅप्टन कुक तिथं उतरला, मागनं सील मारणारे आले, देवमासे मारणारे आले, आणि त्यांच्या जहाजातनं उंदीर उतरले. त्यांनी बिळात अंडी घालणारे पक्षी आणि तिथला पिपिट नावाचा चिमणीएवढा गाणारा पक्षी संपवत आणला. २०११ ते २०१५ मध्ये हेलिकॉप्टरनं विषारी आमिष टाकलं, तेव्हा कुठं २०१८ ला बेट उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

रात्री आईला फोनवर सांगितलं तर म्हणते, "कुसळासाठी एवढं? आमच्या साडीला रोज धा लागतात की."

किनाऱ्यावर एका वेळी शंभरच माणसं, त्यात पाहुणे आधी, त्यामुळं क्रूचा नंबर लागला तर लागला. माझा लागला तिसऱ्या दिवशी, सेंट अँड्र्यूज बेला, बरोब्बर एक तास. झोडियॅक, म्हणजे रबरी होडी, किनाऱ्याला लागायच्या आधीच वास आला, पोल्ट्री आणि मासळी बाजार एकत्र केल्यासारखा, आणि आवाज, हजारो पिपाण्या एकदम फुंकल्यावर होईल तसा. तिथं किंग पेंग्विनच्या दीड लाखाच्या आसपास जोड्या आहेत. आकडा ऐकून काही कळत नाही, टेकाडावरनं बघितलं तर नदीच्या दोन्ही अंगानं पार हिमनदीच्या पायथ्यापर्यंत पेंग्विनच. मधे मधे तपकिरी पट्टे, ती पिल्लं. अंगावर दाट तपकिरी लोकर, खांदे पाडून उभी, अगदी आपल्याकडं जुलैच्या पावसात घोंगडीची खोळ घेऊन गुरं राखत उभी असलेली माणसं. एकाची आई समुद्रातनं आली, पोट टम्म, ओरडली, आणि त्या हजारोंच्या गलक्यात पिल्लानं तिचा आवाज ओळखून शीळ घातली. माझा फोन वाजला तर बेळगावच्या स्टँडवर मला ऐकू येत नाही!

वाळूवर हत्ती सील पसरलेले. नर चार हजार किलोपर्यंत जातो, म्हणजे सात-आठ म्हशी एका कातड्यात. आणि आई तीनेक आठवडे पाजते, मग पिल्लाला सोडून सरळ समुद्रात निघून जाते. तसलं एक सोडलेलं पिल्लू, गोणीसारखं गुबगुबीत, काळे काळे डोळे, सरकत माझ्या बुटाकडं यायला लागलं. आपण पाच मीटर लांब राहायचं हा नियम, म्हणून मी मागं मागं, ते पुढं पुढं. बर्ड फ्लू आल्यापासनं तिथं बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, खाली काही ठेवायचं नाही. खरं सांगतो, त्या जागेला वाकून नमस्कार करावा वाटला होता, पण मातीला हात लावायचा नव्हता, मग उभ्यानंच हात जोडले. शेजारचा फिलिपिनो मित्र माझ्याकडं बघून त्यानं पण जोडले.

ग्रिटविकेन, म्हणजे देवमासे कापायचं जुनं ठाणं, जहाजावरनंच बघितलं. दक्षिण ध्रुवाकडं मोहिमा काढणाऱ्या शॅकलटनची कबर तिथं आहे, पाहुणे व्हिस्की घेऊन गेले. मला गंजलेल्या टाक्याच जास्त आठवतात, १९०४ पासनं साठ वर्षांत या बेटावर पावणेदोन लाख देवमासे कापले.

संध्याकाळी परत ड्यूटी. अंधार पडायच्या आत सगळ्या केबिनचे पडदे ओढायचे, नाहीतर उजेडाला भुलून पक्षी जहाजावर आपटतात. एका पाहुण्याला चांदणं बघायचं होतं, त्यानं पडदा उघडला असणार, सकाळी डेकवर मुठीएवढा पेट्रेल नावाचा समुद्रपक्षी पडलेला. खोक्यात ठेवला, थोडा सावरला, मग ओंजळीतनं सोडला.

आता सुट्टीत गावात आहे. परवा शेताकडनं आलो आणि दारात बसून बॅटरी लावून सॉक्समधली कुसळं चिमट्यानं काढत होतो, आई आतनं म्हणाली, "जेवायला येतोस काय, का तुझ्या मॅडमला फोन लावू?"