नोव्हेंबरातलं हेन्स

९ नोव्हेंबर, रात्री

ठरलं. निदान वर्षभर तरी अलास्कातल्या हेन्सलाच राहायचं.

उन्हाळ्यात आलो होतो तेव्हाच गाव आवडलं होतं, पण त्या आवडीवर माझा भरवसा नव्हता. जूनमध्ये अठरा तासांहून मोठा दिवस, डोंगरावर बर्फ, खाली हिरवं रान. आग्नेय अलास्कातलं कुठलंही गाव तेव्हा भुरळ घालतं. राहायचं असेल तर गाव नोव्हेंबरात पाहायचं, असा हट्ट मी धरला आणि नवऱ्याने तो मानला. आता चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा होईल.

आज सकाळी चिल्कॅट नदीवर गेलो. गावापासून तीसेक किलोमीटरवर, कॅनडाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच नदी वाहते. इथे त्सिर्कू नदी चिल्कॅटला मिळते आणि तिने आणलेल्या दगडगोट्यांचा पंख्यासारखा मोठा थर पसरला आहे. उन्हाळ्यात त्या थरात पाणी मुरतं आणि हिवाळ्यात ते हळूहळू पाझरून वर येतं. हे पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा कोमट असतं, त्यामुळे बाकीची नदी गोठू लागली तरी हा पट्टा मोकळा राहतो. चम जातीचे सॅमन मासे उशिरा, अगदी हिवाळ्याच्या तोंडावर इथे अंडी घालायला येतात. अंडी घातली की ते मरतात, आणि त्यांच्यासाठी बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, जमतात. चांगल्या वर्षी तीन हजारांपर्यंत. १९८२ साली ४८,००० एकरांचं राखीव क्षेत्र केलं ते यासाठीच. एकेका निष्पर्ण कॉटनवुडच्या झाडावर डझनभर गरुड बसलेले होते. पाण्यात अर्धवट खाल्लेले मासे, काठावर दोन गरुडांची एका माशावरून झटापट. बोटं बधिर झाली तरी दुर्बीण खाली ठेववेना. जगातल्या बऱ्याच जागा ज्या महिन्यात मिटून जातात, त्या महिन्यात हे गाव जागं होतं. मला इथे राहावंसं वाटलं ते त्यामुळेच.

स्कॅगवे या शेजारच्या गावाचाही विचार केला होता. पाण्यातून ते इथून पंचवीसेक किलोमीटरवर. रस्त्याने मात्र कॅनडातून वळसा घालून साडेपाचशेहून जास्त. पण उन्हाळ्यात तिथे क्रूझ जहाजांतून एका दिवसात गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं उतरतात. आग्नेय अलास्कातल्याच केचिकनमध्ये वर्षाला साडेतीन मीटरहून जास्त पाऊस पडतो. मला पाऊस आवडतो, एवढा नाही.

हेन्समध्ये दारातून निघालं की चालत समुद्रावर जाता येतं आणि गावातूनच रिपिन्स्की डोंगराची वाट वर चढते. चिल्कूट नदीवर सॅमनच्या हंगामात तपकिरी अस्वलं उतरतात, तीही गावापासून फार लांब नाही. सुट्टी काढून, सामान बांधून निसर्गाकडे जाण्याचा मला कंटाळा आला आहे. काम आटोपल्यावर तासभर वल्हं मारून यावं, इतकं ते जवळ हवं. अर्थात लिन कॅनॉलचं, म्हणजे गावालगतच्या समुद्राच्या अरुंद फाट्याचं, पाणी गंभीरपणे घ्यावं लागतं. डोंगरांमधला हा फ्योर्ड सहाशे मीटरहून खोल, वारा अचानक सुटतो, भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, काठावर ओढून ठेवली आणि बांधली नाही, तर ती समुद्राची झाली.

गैरसोयी आज पुन्हा बसून बोललो, कारण त्या खऱ्या आहेत. गावात दवाखाना आहे, रुग्णालय नाही. गंभीर आजारात विमानाने जुनोला, म्हणजे राज्याच्या राजधानीला, किंवा आणखी लांब हलवतात. जुनोला रस्ता नाही, फेरीबोटीने साडेचार तास लागतात, आणि हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात. कॅनडाच्या सीमेवरची चौकी रात्री बंद असते, आणि खिंडीत हिमवादळ आलं तर महामार्गही बंद. नवऱ्याला सगळ्यात जास्त काळजी डोंगरउताराची आहे. २ डिसेंबर २०२० रोजी बर्फावर मुसळधार पाऊस झाला, इथल्याच बीच रोडवर दरड कोसळली आणि दोन माणसं गेली. समुद्राकडे खिडक्या असलेलं ते सुंदर घर आम्ही आज नाकारलं ते म्हणूनच. त्याच्या पाठीशी तीव्र उतार होता. मला वाईट वाटलं, पण तो बरोबर बोलत होता.

सपाटीवरचं छोटं घर घेतोय. तिथून समुद्र दिसत नाही, चालत दहा मिनिटांवर आहे. लाकडाची शेगडी आहे, आणि अस्वलांपासून कचरा सांभाळायला बंद शेड आहे. रहिवासी म्हणून मासेमारीचा परवाना बारा महिने राहिल्यावरच मिळतो, तोवर बाहेरच्यांचा महागडा परवाना. सकाळी घरमालकिणीला होकार कळवायचा. मग सरपण. इथले लोक ते वसंतातच फोडून वाळत घालतात, म्हणजे यंदाचं सगळं विकतच घ्यावं लागणार, आणि बर्फ साचायच्या आत.