टाळी कुठे, खाली कुठे

आमच्या अंध मुलांच्या शाळेचं स्नेहसंमेलन दरवर्षी ४ जानेवारीला, लुई ब्रेलच्या जयंतीला. दीपप्रज्वलन, अहवाल, बक्षिसं नेहमीसारखी होतात. भाषणात कुणीतरी हटकून म्हणतं, "देवाने डोळे नेले, पण गळा दिला." मला ते लागतं. विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली, पण गाणं त्यांना मिरजेत बाळकृष्णबुवांपाशी बसून शिकावं लागलं. आमची मुलंही जूनपासून रोज बसतात.

मी वाट पाहते ती बालवर्गाच्या तीनतालाची. सोळा मात्रा, म्हणजे ठोके. पहिली, पाचवी, तेरावी टाळीची, नववी 'खाली', म्हणजे टाळीविना. खाली हात बाजूला नेऊन दाखवायची, हे न दिसणाऱ्या मुलाला काय कळणार? म्हणून आम्ही दोघांना समोरासमोर बसवतो, एकमेकांच्या तळहातावर टाळी द्यायला लावतो. नवव्या मात्रेला समोरचा हात येतच नाही. पुढे केलेला तळवा रिकामा राहतो, तीच खाली. थांबायचं कधी आणि आपली पाळी कधी, हे मुलं तिथेच शिकतात.

चालायला बिचकणाऱ्या एका मुलीच्या पायात घुंगरू बांधले, तर आपलाच आवाज ऐकायला ती पुढे पाऊल टाकू लागली. एक मुलगा जूनमध्ये मुठी सोडायचाच नाही. तबल्याच्या शाईला, मधल्या काळ्या गोलाला, बोट लागलं की हात मागे. डग्गा मांडीवर ठेवून त्याला नुसती घुमारी अनुभवू दिली. दिवाळीनंतर मूठ उघडली. यंदा मंचावर नवव्या मात्रेला त्याचा तळवा तसाच उघडा राहिला, आणि तेराव्याला मैत्रिणीचा हात येताच तो खुदकन हसला.

तेव्हा सभागृह अर्धं रिकामं होतं. बक्षिसं संपली की लोक उठतात, काही पालकसुद्धा. दरवर्षी वाईट वाटतं.

आभार मानायचे ते यांचे: पेटीचा भाता फुकट सांधून देणारे काका, पहाटेपासून केस विंचरणाऱ्या वसतिगृहातल्या मावशी, ब्रेल पत्रिका काढणाऱ्या ताई, मुलांना पोचवणारे रिक्षावाले दादा, माइक सांभाळणारा आमचाच माजी विद्यार्थी, जेवणाच्या पंक्ती वाढणारं महिला मंडळ. हो, आणि सतरंज्या देणारे शेजारचे आजोबा! कुणी राहिलं असेल तर मला जरूर सांगा.

मुख्याध्यापिका बाईंना मी सांगून ठेवलंय: पुढच्या वर्षी दिवा लावला की लगेच बालवर्ग. भाषणं त्यानंतर.