शुक्रवारचा खाऊ

शुक्रवार, रात्र. कोपनहेगन.

इथल्या बऱ्याच घरांत पोरांना गोळ्या मिळतात त्या शुक्रवारी. आमच्याकडेही तोच शिरस्ता. आज लेकीनं बॉनबॉन या इथल्या गोळ्यांच्या ब्रँडच्या पिशव्या उचलल्या, एक खारट लिकरिशची, एक वाइनगम या चिवट गोळ्यांची. वाइनगममध्ये वाइन नसते, हे आईला आधीच सांगून टाकलं. ती साताऱ्याहून उन्हाळ्यापुरती आलीय.

"आजी, हे खाऊन बघ ना," म्हणत लेकीनं काळी गोळी तिच्या हातावर ठेवली. आईनं ती जिभेवर घोळवली, भुवया वर गेल्या. "अगं, हा तर ज्येष्ठमध! आणि वरून नवसागर लावलाय का काय?"

अगदी तेच आहे. गोडवा ज्येष्ठमधाच्या मुळीचा आणि तो झोंबरा खारटपणा साल्मियाकचा, म्हणजे अमोनियम क्लोराइडचा, आपल्या नवसागराचा. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात त्याची पूड टाकायचा, भसकन पांढरा धूर उठायचा आणि कथील बोळ्यासरशी सरसर पसरायचं. आईनं चव त्या वासावरून ओळखली असणार. कफ सुटावा म्हणून हे दोन्ही पदार्थ खोकल्याच्या औषधात पडत आलेत. इथल्या लोकांनी त्यांचा चक्क खाऊ केला. लेकीला तर त्याशिवाय शुक्रवार वाटतच नाही.

मग तिनं आजीला बॉनबॉनच्या गोळ्यांची नावं सांगितली. कुत्र्याचं पादणं, सीगलची शिट! आई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मला ही नावं मनापासून आवडतात. पोरं आपापसात ज्यावर खिदळतात, त्याला मोठ्यांनी नाक मुरडायचं नाही, असं मानून मिकेल स्पांग्सबेर्ग या माणसानं धंदा उभा केला. कारखाना बघायला पोरांची रीघ लागली, तेव्हा १९९२ साली होल्मे-ओल्स्ट्रुप या गावी बॉनबॉन-लँड हे अख्खं उद्यानच उघडलं. तिथं कुत्र्याच्या पादण्याच्या नावाचा रोलरकोस्टरसुद्धा आहे.

आईला दुसरी काळी गोळी मात्र दिली नाही. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिननं रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, आणि तिचं बीपीचं औषध चालू आहे. लाल वाइनगम तिनं दोन खाल्ले.

रविवारी बॉनबॉन-लँडला जायचं ठरलंय. नातीचा हट्ट आहे, आजीनं त्या रोलरकोस्टरमध्ये बसायचंच. आई विचारतेय, साडी चालेल का पंजाबी ड्रेस घालू?