नेरळ–माथेरान: नऊ किलोमीटर काढले, पुन्हा घातले

संगणकावरच्या रेल्वे सिम्युलेटरमध्ये दिवाळीपासून घातलेला माथेरानच्या गाडीचा नऊ किलोमीटरचा रूळ मी जानेवारीत काढून टाकला. नेरळ यार्डापासून जुम्मापट्टी स्टेशनच्या थोडं पुढपर्यंतचा. झाडं लावून झाली होती, स्टेशनची शेड उभी होती, गाडीही सुरळीत जात होती. पण खरी माथेरानची गाडी घाटात दमते आणि माझी दमत नव्हती. वीसेक दिवस मी स्वतःची समजूत काढली की चालतंय तसं चालू दे. मग एका रविवारी दादरहून कर्जत लोकल पकडली, नेरळला उतरले आणि माथेरानच्या गाडीत खिडकीशी बसून वरपर्यंत फक्त इंजिनाचा आवाज ऐकत गेले. वळण आलं की आवाज जड होतो, वळण सुटलं की मोकळा होतो, आणि लगेच पुढचं वळण येतं. हे माझ्या रूटमध्ये कुठेच नव्हतं. घरी आले आणि रूळ काढायला घेतला.

माझं काम ओपन रेल्स या सिम्युलेटरमध्ये आहे, मार्ग आखायचा एडिटर टीएसआरई. दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये रूळ दोरीसारखा ओढून हवा तसा वाकवता येतो, ते सोपंही आहे. मी ओपन रेल्स घेतलं ते त्याच्या भौतिकशास्त्रासाठी. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, वळणाची त्रिज्या, चाकांमधलं अंतर, ओला रूळ, सगळं ते हिशेबात धरतं. नॅरोगेज करायचं तर मला हेच हवं होतं.

आधी गेजबद्दल. माथेरानचं गेज ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. दार्जिलिंगचंही तेवढंच. आपल्याकडच्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेचं मात्र ७६२, त्यामुळे तिकडचा तयार रूळ इथे चालत नाही. डायनॅमिक ट्रॅकचा, म्हणजे लांबी आणि वळण आपण ठरवायच्या रुळाचा छेद रूट फोल्डरमधल्या ट्रॅक प्रोफाइलच्या फाइलीत स्वतः लिहिता येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. मूळ प्रोफाइलमध्ये रुळाची आतली कड मध्यापासून ०.७१७५ मीटरवर असते. ती ०.३०५ वर आणायची, रुळाचं डोकं बारीक करायचं, खडीचा पट्टा आखडायचा. नेरळला गाडी सुटायच्या आधी फलाटाच्या टोकाशी वाकून मी आईची शिवणकामाची टेप दोन रुळांमध्ये धरली होती. चोवीस इंचांची रेघ बरोबर समोरच्या रुळाच्या आतल्या कडेवर आली. रूळ वरून चकचकीत होता, पण बाजूने गंजाचा जाड पापुद्रा आणि त्यावर तेलाचा काळा ओघळ. माझ्या प्रोफाइलमध्ये रुळाच्या बाजूला नुसता राखाडी रंग होता. त्याच रात्री तिथे गंजाचा रंग भरला. खेळताना तो पट्टा जेमतेम दोन पिक्सेल दिसत असेल, पण आता तो नॅरोगेजचा रूळ वाटतो.

आता चढ. माझ्या पहिल्या आखणीतली मूळ चूक इथे होती. माथेरानचा घाट १:२० चा, म्हणजे वीस मीटरला एक मीटर चढ, हे सगळीकडे वाचलेलं. म्हणून नेरळ सोडल्यापासून मी सरसकट ५ टक्के चढ लावत गेले. पण नेरळ समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर आणि माथेरान आठशेच्या आसपास. म्हणजे चढायचं साधारण ७६० मीटर, तेही २१ किलोमीटरमध्ये. सरासरी येते १:२७ किंवा १:२८. सगळीकडे १:२० ठेवला असता तर २१ किलोमीटरमध्ये गाडी १०५० मीटर चढली असती, माथेरानच्या पार वर हवेत. मी जुम्मापट्टीला पोचले तेव्हाच माझा रूळ डोंगराच्या वर निघाला होता, आणि मी रूळ सोडून डोंगर उचलत बसले होते.

माझे मामा मध्य रेल्वेत पी-वेमध्ये, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या विभागात होते, आता निवृत्त आहेत. त्यांना फोन केला.

“मामा, पाच टक्के लावला तर डोंगर पुरत नाही हो.”

“अगं, पाच टक्के कुठे लावलास? वळणावरसुद्धा?”

“सगळीकडे.”

“वळणावर चढ सोडायचा असतो बाळा. वळणात गाडी आधीच घासते, त्यात पूर्ण चढ दिलास तर इंजिनाने ओढायचं किती? कॉम्पेन्सेशन लाव.”

मग त्यांनी फोनवरच हिशेब सांगितला. वळणाचे अंश म्हणजे १७५० भागिले त्रिज्या मीटरमध्ये. आणि दर अंशामागे ब्रॉडगेजला ०.०४ टक्के, मीटरगेजला ०.०३, नॅरोगेजला ०.०२ टक्के चढ कमी करायचा. माझ्या आखणीत ३० मीटर त्रिज्येची वळणं भरपूर आहेत. १७५० भागिले ३० म्हणजे ५८ अंश, त्याचे १.१७ टक्के. पाचातून गेले तर राहिले ३.८३, म्हणजे जवळजवळ १:२६. तो आकडा वहीत लिहिला आणि शेजारी सरासरीचा १:२७ दिसला, तेव्हा अंगावर काटा आला. सरळ तुकडे १:२० चे, वळणं सव्वीसच्या घरातली, स्टेशनं जवळजवळ सपाट, अमन लॉज स्टेशनच्या पुढचा पठारावरचा भाग सौम्य. सगळं जमून डोंगर बरोबर पुरतो.

पण एडिटरमध्ये हे लावताना दुसरा अडथळा आला आणि तो मला आधी कुणी सांगितला नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते. डायनॅमिक ट्रॅकचा एक तुकडा पाच भागांचा असू शकतो: सरळ, वळण, सरळ, वळण, सरळ. पण तो अख्खा तुकडा एका ताठ पाटासारखा तिरका होतो. त्या पाटावर वळण काढलंत तर चढ वळणाच्या सुरुवातीलाच पूर्ण असतो. पुढे वळत जाल तसा तो कमी होतो आणि त्याच्या जागी रूळ बाजूला कलतो. ४५ अंशांचा एकच तुकडा ५ टक्क्यांनी उचलला तर शेवटी चढ उरतो ३.५ टक्के आणि तेवढाच आडवा कल येतो. नव्वद अंशांचा केलात तर शेवटी चढ शून्य. आणि घोड्याच्या नालेसारखं वळण एका तुकड्यात केलंत तर गाडी अर्ध्या वळणात चढते आणि उरलेल्या अर्ध्यात उतरते! माझे डबे जुन्या आखणीत उगाच डोलायचे, त्याचं कारण हेच. उपाय कंटाळवाणा आहे: वळण दहा-दहा अंशांत तोडायचं. ३० मीटर त्रिज्येला दहा अंशांचा तुकडा सव्वापाच मीटरचा होतो, म्हणजे नालेसाठी अठरा तुकडे, आणि प्रत्येकाचा चढ हाताने भरायचा. माउंट बेरीची नालेसारखी दोन वळणं अजून व्हायची आहेत, त्यांना किती संध्याकाळी जातील ते मी आत्ताच मोजून ठेवलं आहे. तरीही ही वळणंच माथेरानच्या आखणीचा प्राण आहेत. दार्जिलिंगला गाडी झिगझॅगवर मागेपुढे करत चढते. इथे तशी जागा नाही, गाडी तोंड न बदलता वर जाते, आणि ते या नालांच्या जोरावर. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ मध्ये हा मार्ग बांधला, वडील सर आदमजी यांच्या पैशातून, त्या काळचे सोळा लाख रुपये घालून. संगणकावर एक वळण बसवताना माझी संध्याकाळ जाते, तेव्हा त्या आखणी करणाऱ्या माणसांपुढे मनापासून हात जोडावेसे वाटतात.

गाडी वळणात दमण्यासाठी इंजिनाच्या आणि डब्यांच्या फाइलीतही बदल करावे लागले. ओपन रेल्समध्ये वळणाचा विरोध गेज आणि ताठ चाकांमधलं अंतर यांच्या बेरजेवर ठरतो, आणि त्रिज्या लहान होईल तसा वाढतो. फाइलीत गेज लिहिलं नाही तर प्रोग्राम १४३५ मिलिमीटर धरतो आणि विरोध अवाच्या सवा येतो. मी आधी वळणाचा विरोधच बंद ठेवला होता, कारण चालू केला की गाडी अडायची. आता गेज ६१० लिहिलं, चाकांमधलं अंतर नीट भरलं आणि विरोध चालू केला. वाफेच्या इंजिनाला तर हे फारच शोभून दिसतं. ७३८ ते ७४१ क्रमांकांची ती चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलची, आणि त्यांच्या चाकांची रचना क्लीन-लिंडनर पद्धतीची. टोकांचे आस पोकळ असल्यामुळे ते वळणाप्रमाणे सरकतात, ताठ राहतो तो मधला. म्हणून त्यांच्या फाइलीत ताठ अंतर मी अगदी कमी लिहिलं आहे. सहा जोडलेली चाकं असूनही इंजिन वळण घेतं, ते पाहताना मी तीच जागा पाच वेळा चालवली.

जमिनीबद्दल थोडं. उंचीची माहिती एसआरटीएमची, म्हणजे अवकाशातून रडारने केलेल्या मोजणीची, तीस मीटरला एक बिंदू. त्यात दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे सह्याद्रीच्या पायऱ्या नाहीशा होतात. खरा डोंगर कडा, गवताची पट्टी, पुन्हा कडा असा असतो, आणि माहितीत तो एकसारखा उतार होतो. दुसरं, रडार दाट झाडीचा बराचसा भाग जमिनीतच धरतं, त्यामुळे पठारावर रानाच्या जागी जमीन काही मीटर फुगलेली दिसते. मोकळी मैदानं आणि स्टेशनचं आवार प्रमाण मानून रानाचा भाग मी हाताने खाली बसवते आहे. पण खरा त्रास अरुंद कडेचा. ओपन रेल्सची जमीन आठ मीटरच्या चौकटीवर बांधलेली, आणि हा रूळ जेमतेम तीन मीटरच्या कडेवरून जातो. चौकटीपेक्षा बारीक कड जमिनीतून कोरता येतच नाही. शेवटी दरीकडची जमीन सरळ खाली सोडली आणि रुळाखाली दगडी संरक्षक भिंतीचं मॉडेल लावलं, डोंगराच्या बाजूला खडकाचं. भेकरा खुडच्या चढावर आता खिडकीतून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो, तसाच जसा खऱ्या गाडीत येतो.

मध्येच एक नुकसानही झालं. जुम्मापट्टीच्या लूपचा, म्हणजे बाजूच्या रुळाचा सांधा दोन मीटर पुढे सरकवताना मी जोडलेला रूळ न सोडवता ओढला आणि टीडीबी, म्हणजे रुळांच्या जोडणीची नोंद ठेवणारी फाइल बिघडली. गाडी सांध्यावर आली की प्रोग्राम बंद. तीन आठवड्यांपूर्वीची प्रत होती तीवरून पुन्हा सुरुवात केली. आता रोज झोपण्याआधी टीडीबी आणि डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंचं वर्ल्ड फोल्डर दोन्हींची एकत्र प्रत ठेवते. फक्त एकाची ठेवून उपयोग नाही, दोघांचा मेळ चुकला की रूळ दिसतो पण गाडी तिथे नसते.

पावसाळा या वेळी पहिल्यांदाच केला आणि त्याची मला सगळ्यांत जास्त ओढ होती. पावसात घाटातली गाडी बंद असते आणि वर फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते, तशीच ती वेगळी ॲक्टिव्हिटी ठेवली आहे. अडचण अशी की जमिनीच्या टेक्स्चरना, म्हणजे तिच्यावर पसरायच्या चित्रांना, या प्रोग्राममध्ये एकच पर्याय मिळतो, बर्फाचा. माथेरानला बर्फाचं काय काम! म्हणून बर्फाच्या फोल्डरमध्ये मी ओल्या हिरव्या गवताची आणि गडद लाल मातीची चित्रं ठेवली. ऋतू हिवाळा निवडला की हवामान कुठलंही असो, प्रोग्राम तेच फोल्डर उचलतो. मग हवामान पाऊस ठेवायचं. अमन लॉजच्या फलाटाशी जांभ्याची माती भिजून विटकरीची तपकिरी झाली, रानावर धुकं आलं, आणि ओल्या रुळावर इंजिनाची चाकं निघताना एकदा घसरली. ते घसरणं मी मुद्दाम लावलेलं नव्हतं, प्रोग्रामने आपलं आपण केलं.

उतरताना मात्र जुन्या पद्धतीने चालवा असं सांगेन. पूर्वी डब्याडब्यावर ब्रेकवाला बसायचा आणि इंजिनाच्या शिट्टीवर हाताने चाक फिरवून ब्रेक लावायचा. ओपन रेल्समध्ये प्रत्येक डब्याचा हातब्रेक वेगळा लावता येतो. वॉटरपाइप स्टेशन सोडताना मागच्या दोन डब्यांचे हातब्रेक लावून खाली आणलं तर वेग बारावर धरून ठेवता येतो. सगळे मोकळे ठेवून फक्त इंजिनावर उतरवलं तर मला तिसऱ्याच वळणाला घाम फुटला.

आजची स्थिती: नेरळ ते वॉटरपाइप नवा रूळ माउंट बेरीची वळणं सोडून पूर्ण, वन किस बोगद्यासकट. वॉटरपाइप ते अमन लॉज अजून जुनाच रूळ आहे, चढ तात्पुरते दुरुस्त केलेले. कड्यावरच्या गणपतीची जागा खुणेने राखून ठेवली आहे, मूर्तीचं मॉडेल हवं तसं उतरत नाही. कुणाकडे रुळाच्या बाजूने काढलेले स्पष्ट फोटो असतील तर मला हवे आहेत. विकटगडाला जाणारी मंडळी तिथूनच चालत जातात, त्यांच्याकडे नक्की असतील.

काल रात्री पूर्ण मार्ग एकदा चालवला. जुन्या आखणीवर पावणेदोन तासांत वर पोचत होते. खऱ्या वेळापत्रकात सुमारे दोन तास चाळीस मिनिटं लागतात. काल थांबे धरून दोन तास एकवीस मिनिटं लागली. उरलेली एकोणीस मिनिटं माउंट बेरीच्या वळणांत आहेत, तिथे मी शनिवारपासून बसणार आहे.