सर, रनिंग किती?

शोरूममध्ये नाव-गाव विचारून होतं, पाण्याचा ग्लास समोर येतो आणि मग सेल्समन पहिला खरा प्रश्न टाकतो, "सर, महिन्याचं रनिंग किती?" प्रश्न साधाच. पण एका घरातली चार माणसं त्याची चार उत्तरं देतात. कॉम्पॅक्ट एसयूव्ही पेट्रोलची की डिझेलची, हा वाद मुळात त्या उत्तरांमधला असतो.

आमच्याकडचंच घ्या. बाबा म्हणाले, "दीड हजार कुठे गेले नाहीत. गावी जाणं आहे, कोल्हापूरला अंबाबाई आहे, शिवाय एकदा हंपी करायचंय." मुलाने लडाख सांगितलं. बायको म्हणाली, "ऑफिस, क्लास, मंडई. जास्तीत जास्त आठशे." तिच्याशी कुणी वाद घातला नाही, कारण तिच्या बाजूने साक्ष द्यायला जुन्या हॅचबॅकचं मीटर खाली पार्किंगमध्ये उभं होतं. डिझेलच्या बाजूने बोलणारा प्रत्येकजण न झालेल्या सहली मोजत होता. त्यात मीही आलो.

हिशेब मांडायला पाकिटाची मागची बाजू पुरते. 2025 मध्ये पुण्यात पेट्रोल 104 च्या आसपास आणि डिझेल 90 च्या. शहरात पेट्रोल गाडी 14 चं अ‍ॅव्हरेज देते असं धरू, डिझेलची 18 चं. म्हणजे पेट्रोलला किलोमीटरमागे साडेसात रुपयांच्या आत-बाहेर, डिझेलला पाच. अडीच रुपये वाचले, छान. पण सारख्याच मॉडेलची डिझेल गाडी ऑन रोड दीड लाखाने महाग पडत असेल, तर ते दीड लाख वसूल व्हायला साठ हजार किलोमीटर लागतात. बाबांच्या रनिंगने जवळजवळ साडेतीन वर्षं, बायकोच्या रनिंगने सहाच्या वर. मुलाचं लडाख यात धरलेलं नाही.

ही दरी सरकारने थोडी बुजवली आणि थोडी तशीच ठेवली. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलला तेव्हा चार मीटरच्या आतल्या गाड्या, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत असो की डिझेल 1500 सीसीपर्यंत, दोन्ही 18 टक्क्यांत आल्या. त्याआधी सेस धरून पेट्रोलला 29 आणि डिझेलला 31 टक्के होते. आपल्या आरटीओने मात्र भेदभाव सोडलेला नाही. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के रोड टॅक्स, डिझेलला 14. बाकी या सगळ्या गाड्या 3990-3995 मिलिमीटरच्या का असतात, याचं उत्तरही याच करात आहे. पाच-दहा मिलिमीटर सरकारला घाबरून सोडलेले असतात.

एवढं सगळं असून आमच्या पिढीच्या डोक्यातून डिझेल जात नाही, त्याला कारण आहे. पाटणच्या मामांची कमांडर जीप वडापला, म्हणजे शेअर प्रवासी वाहतुकीला, चालायची. थंडीत पहाटे चावी अर्धी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग ती जीप सगळी गल्ली जागी करून सुरू व्हायची आणि आत-बाहेर मिळून किती माणसं आहेत याची अजिबात फिकीर न करता घाट चढायची. तेव्हा डिझेलच्या किमतीला सरकारचा टेकू होता. 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे 30 रुपयांहून जास्त अंतर होतं. त्या काळात डिझेल गाडी घेणारा माणूस शहाणा ठरायचा आणि पेट्रोलवाल्याकडे लोक जरा दयेनेच बघायचे. पेट्रोलचे भाव 2010 मध्येच मोकळे झाले होते, ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचेही झाले, आणि जून-जुलै 2020 मध्ये तर काही आठवडे दिल्लीत डिझेल पेट्रोलच्या वर गेलं. मामांना हे सांगितलं तर ते पेपरची छपाई चुकली असेल म्हणतात.

ब्रेझाची गोष्ट तर फारच बोलकी आहे. 2016 मध्ये ती आली ती फक्त डिझेलमध्ये. पेट्रोल मागितलं तरी मिळायचं नाही. चार वर्षांनी बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, आले, मारुतीने डिझेल इंजिनं बंदच केली आणि तीच गाडी फक्त पेट्रोलची झाली. आता छोट्या एसयूव्हीत डिझेल हवं असेल तर रांजणगावची टाटा नेक्सॉन, नाशिकची महिंद्रा थ्री एक्सओ, नाहीतर व्हेन्यू, सोनेट यांसारख्या कोरियन बहिणी.

बीएस-6 चं दुखणं मला दराच्या फरकाहून मोठं वाटतं. नव्या डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. त्यात साठलेली काजळी जाळायची तर एक्झॉस्ट चांगला तापायला हवा, आणि तो तापायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात पळायला हवी. सिंहगड रोडवर संध्याकाळी सलग काय पळतं? क्लासला दोन किलोमीटर, मंडईला तीन, प्रत्येक वेळी इंजिन गरम व्हायच्या आत बंद. फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मॅन्युअल सांगतं, गाडी हायवेला न्या. म्हणजे रविवारी पहाटे उठून, कुठेही जायचं नसताना, खेड शिवापूरपर्यंत जाऊन यायचं, काजळी जाळण्यासाठी डिझेल जाळायचं. आठशे किलोमीटर रनिंगवाल्याने डिझेल घेणं म्हणजे शर्यतीचा बैल सोसायटीच्या पार्किंगमध्ये बांधून ठेवणं. दोघांचेही हाल.

मग एवढं कळूनही मन डिझेलकडे का ओढतं? कुंभार्ली घाटामुळे. चिपळूणहून परत येताना गाडीत पाच माणसं, डिकीत तांदूळ, आंब्याच्या पेट्या, एखादा फणस आणि आईने ऐनवेळी आणलेली रोपं. वळणावर पुढे एसटी. अशा वेळी टर्बो पेट्रोलला आधी खालचा गिअर लागतो, मग थोडा आवाज, मग ताकद. आकडे बघायचे तर नेक्सॉनच्या पेट्रोलचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर, 170 न्यूटन मीटर, डिझेलचा 260, आणि तोही पंधराशे आरपीएमपासून हाताशी. डिझेल गाडी तिसऱ्यातच, कुरकुर न करता, एसटीच्या मागून निघते आणि बाजूने पुढे सरकते. तो अनुभव कुठल्याही एक्सेल शीटमध्ये बसत नाही. टेस्ट ड्राइव्हमध्येही मिळत नाही, कारण टेस्ट ड्राइव्हचा रस्ता नेहमी सपाट असतो, गाडीत दोनच माणसं असतात आणि सेल्समन सनरूफ उघडून दाखवत असतो.

पेट्रोलची बाजू निर्मळ आहे असंही नाही. आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल. कोल्हापूर-सांगलीच्या उसाचं राजकारण टाकीपर्यंत आलं आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, तेव्हा अ‍ॅव्हरेज थोडं उतरणारच. सीएनजीचा विषय मेव्हण्याने काढला होता. त्याला पंपावरची रांग आणि सिलिंडरने खाल्लेली डिकी दाखवली. फणस कुठे ठेवणार, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

माझं मत विचाराल तर, महिन्याला दीड हजार आणि तेही बरंचसं हायवेचं असेल, तर डोळे झाकून डिझेल घ्यावं, अजूनही. साताऱ्याहून रोज कराडला जाणारा, औषधांची लाइन करणारा, दर शनिवारी शेतावर जाणारा, यांनी पेट्रोलच्या नादी लागू नये. मधल्या हजार-बाराशेच्या पट्ट्यात काहीही घ्या, भांडण तेवढंच होईल. आमच्यासारख्या मंडईवाल्यांनी मात्र मीटरचं ऐकावं.

आम्ही पेट्रोलची बुक केली. मामांनी फोनवर "बरं" म्हटलं, त्यात सगळं आलं. दीड लाख वाचत असतील तर कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढायला माझी काही हरकत नाही.